फुकटची साइट, ॲडसेन्सच्या जाहिराती आणि दापोलीचा हिशेब

ॲडसेन्स म्हणजे आपल्या साइटवर गुगलमार्फत जाहिराती लावून त्या पैशांतला हिस्सा मिळवायची सोय. तिच्याबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते दोनच सुरांत. एक, "घरबसल्या लाखो कमवा", आणि दुसरा, "सगळी बनवाबनवी आहे". दोन्हीकडच्या मंडळींच्या खात्यात ॲडसेन्सचे पैसे कधी जमा झाले असतील असं वाटत नाही. माझ्या झालेत. थोडेच, पण झालेत. म्हणून हा अभिप्राय. पाचापैकी साडेतीन तारे.

माझं दापोलीत स्टँडच्या अलीकडे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, आधार, रेल्वेचं तिकीट, शाळेचे दाखले, हे दिवसभर चालू. आणि त्यात हमखास कोणीतरी मुंबईचा पाहुणा डोकावून विचारणार, "दाभोळची शेवटची फेरीबोट कितीला हो?" दारावर कागद लावून बघितला, पहिल्याच पावसात त्याचा लगदा झाला. मग ब्लॉगरवर, म्हणजे गुगलच्या फुकट सेवेवर, साइट काढली. एस.टी.च्या वेळा, दाभोळ–धोपावे आणि वेसवी–बागमांडला फेरीबोटींच्या वेळा, हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव, वेळास-आंजर्ल्याला कासवांची पिल्लं कोणत्या महिन्यांत बघायला मिळतात, मुरूड-कर्दे-लाडघरला राहायची सोय. दाभोळला बोट चुकली की गुहागरला जायला अख्खा वळसा पडतो, त्यामुळे ही पानं लोक फार बघतात. बघतात म्हणजे धक्क्यावर उभं राहून, एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून बघतात. हे लक्षात ठेवा, पुढे पैशांचा हिशेब याच्यावरच येऊन अडतो.

साइट फुकट म्हणजे खरोखर फुकट. ब्लॉगर १९९९ सालचं, २००३ मध्ये गुगलने विकत घेतलं, आणि त्याच वर्षी गुगलने ॲडसेन्स सुरू केलं. त्यामुळे या दोघांचं जुळतं. स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचा विकतचा पत्ता, न घेता ब्लॉगरच्या फुकट ब्लॉगस्पॉट पत्त्यावरच जाहिराती लावता येतात. फोटोंना गुगल खात्याची १५ जीबी जागा असते, तेवढी मला आजवर पुरून उरली आहे. याआधी एका कंपनीची फुकट साइट वापरली होती. तिथे खाली जाहिराती दिसायच्या त्या कंपनीच्या, पैसेही कंपनीचे, आणि मला स्वतःच्या लावायच्या तर म्हणे वर्षाचा प्लॅन घ्या. फुकटची साइट घेताना हे एवढं आधी विचारून घ्यावं. बाकी रंग-रूप मागाहून बघता येतं.

ॲडसेन्सच्या मंजुरीचं फार अवडंबर माजवलं जातं. वय १८ पूर्ण हवं, मजकूर आपला हवा, गोपनीयता धोरणाचं एक पान हवं, आणि भाषा त्यांच्या यादीत हवी. हिंदी त्या यादीत २०१४ च्या डिसेंबरात आली, मराठी त्यानंतर. आता मराठीत लिहिलं म्हणून कोणी अडवत नाही. मात्र नुसते आकड्यांचे तक्ते टाकून अर्ज केला तर "लो व्हॅल्यू कंटेंट" असं कारण येऊ शकतं, म्हणजे पानावर वाचण्यासारखं काही नाही. मी प्रत्येक तक्त्याखाली चार परिच्छेद लिहिले होते. बोटीवर गाडी उलटी चढवायची की सुलटी, ओहोटीला उतारावर शेवाळं कुठे असतं, दुचाकीवाल्याने रांगेत थांबायचं की पुढे जायचं. मंजुरीसाठी लिहिलेले ते परिच्छेदच आज साइटवर सगळ्यात जास्त वाचले जातात. "अप्रूव्हल काढून देतो, अडीच हजार" म्हणणारे मोबाइलवर भेटतील. त्यांना पैसे देण्याचं कारण नाही. अर्ज फुकट आहे, आणि एका माणसाला एकच खातं मिळतं. ते दुसऱ्याच्या हातात देऊन बसू नये.

दहा डॉलर जमले की गुगल साध्या टपालाने पत्र पाठवतं. आत सहा आकडी पिन. तो खात्यात टाकला की तुमचा पत्ता खरा ठरला. ट्रॅकिंग नाही, रजिस्टर नाही, आणि चार महिन्यांत पिन टाकला नाही तर साइटवरच्या जाहिराती थांबतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला याचं काही वाटणार नाही. आमच्याकडे पत्ता म्हणजे मुक्काम, पोस्ट, वाडी, तालुका, आणि शिवाय एकाच आडनावाची पंधरा घरं. मी फॉर्ममध्ये पहिल्या ओळीत दुकानाचं नाव टाकलं, दुसरीत वाडी, पिनकोड दोनदा तपासला, आणि पोस्टमनना आधीच सांगून ठेवलं की असं असं पत्र येणार आहे. त्यांनी ते दुकानात आणून दिलं तेव्हा गिऱ्हाइकांची गर्दी होती. पाकीट नव्हतंच ते, तिन्ही कडांना टोचे मारलेला घडीचा कागद. सगळ्यांसमोर कडा फाडल्या. मागे उभ्या असलेल्या एका आजोबांनी विचारलं, "नोकरीचा कॉल काय रे?" म्हटलं, नाही आजोबा, नुसता नंबर आहे. "मग एवढ्या लांबून नंबर कशाला पाठवतात? फोन करायचा की." त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

पैसे यायला शंभर डॉलर पुरे व्हावे लागतात. म्हणजे डॉलरच्या भावाप्रमाणे नऊ हजारांच्या आसपास. तेवढे झाले नाहीत तर रक्कम पुढच्या महिन्यात जाते, बुडत नाही. पुरे झाले की महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान बँकेकडे निघतात. त्यात कधी खाडा झालेला नाही, आणि साडेतीनातले दोन तारे मी नुसते याचेच देतो. आमच्याकडे आंब्याच्या दलालाकडून पट्टी वेळेवर निघाली तर बातमी होते.

अडचण येते ती अलीकडच्या टोकाला. पैसे डॉलरमध्ये वायर ट्रान्स्फरने येतात, त्यासाठी बँकेचा स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशी व्यवहारांत बँक ओळखायची खूण, लागतो. पतसंस्थेतलं खातं इथे चालत नाही. तालुक्याच्या शाखेला बहुतेक वेळा स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो, परकीय चलनाचं काम करणाऱ्या मोठ्या शाखेचा टाकावा लागतो. हे मला ज्या बँकेत सांगायला हवं होतं तिथल्या खिडकीवरच्या साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "परदेशातून पैसे? पाठवतंय कोण? नातेवाईक आहेत का?" म्हटलं, गुगल. "गुगल कशाला पैसे पाठवेल तुम्हाला?" शेवटी दुसऱ्या बँकेत खातं काढलं, तिथल्या मुलीने पाच मिनिटांत कोड लिहून दिला आणि बँक प्रत्येक वेळी किती कापून घेईल तेही सांगितलं. दर महिन्याला थोडे थोडे मागवण्यापेक्षा आपणच पैसे रोखून धरण्याची मर्यादा वाढवून घ्यावी, म्हणजे ती कापाकापी वर्षातून कमी वेळा होते. तशी सोय खात्यात आहे. कागदोपत्री पैसे देणारी कंपनी सिंगापूरची, गुगल एशिया पॅसिफिक. हे उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवायचं असतं. परदेशातून आलंय, कोणाला कळणार, असं म्हणणारे एक-दोन भेटतील, त्यांचं ऐकू नका. बँकेतून आलंय म्हणजे कळलेलंच आहे.

आता भाव.

ॲडसेन्सचा हिस्सा लपवलेला नाही. मजकुराच्या पानांवर जाहिरातदार जे देतो त्यातले सुमारे ६८ टक्के साइटवाल्याला, हे गुगलने २०१० मध्ये जाहीर केलं. २०२३ च्या नोव्हेंबरात हिशेबाची रचना बदलल्याचं सांगितलं: आधी जाहिरात विकत घेणाऱ्या यंत्रणेची कापणी, मग उरलेल्याचे ८० टक्के आपल्याला. जाहिरातदार गुगल ॲड्समधून, म्हणजे गुगलच्याच खरेदी-यंत्रणेतून, आलेला असेल तर फिरून बेरीज तिथेच, ६८ च्या आसपास. त्याच सुमारास दुसरा बदल झाला: पैसे आता क्लिकवर नाही, जाहिरात दिसण्यावर. म्हणजे टक्क्यांबद्दल भांडण्यासारखं काही नाही. प्रश्न असतो तो मुळात जाहिरातदार किती बोली लावतो हा. पान उघडताक्षणी लिलाव होतो, हर्णैच्या वाळूवर होतो तसाच, फक्त डोळ्यांना दिसत नाही. सुरमईला बोली लागते, बारीक मासळीचा ढीग कोणीतरी टोपलीने उचलतो.

माझी फेरीबोटीची पानं ही बारीक मासळी. उघडली जातात भरपूर, पण माणूस वेळ बघतो आणि मोबाइल खिशात टाकतो. हजार वेळा पान उघडलं तर पाव डॉलर धड सुटत नाही. राहण्याच्या सोयीची पानं त्याच्या पाचपट-सहापट देतात, कारण तिथे हॉटेलवाले, प्रवास कंपन्या, गाड्यांवाले बोली लावतात आणि वाचणाराही निवांत घरी बसून वाचत असतो. दुबई-अमेरिकेतून कोणी आपलं गाव आठवून उघडलं तर त्याचा भाव आणखी वेगळा. चुकीचा समज असतो की वाचक वाढले की पैसे वाढतात. वाढतात, पण कोणत्या पानावर आणि कुठून वाढले ते बघावं लागतं. माझ्या साइटवर एस.टी.चं पान एक नंबरला आहे आणि कमाईत तळाला.

त्यात पुन्हा हंगाम. ऑक्टोबर ते डिसेंबर जाहिरातदारांचा हात सैल असतो, जानेवारी लागला की भाव पडतात. हे सगळ्यांनाच लागू. पण कोकणातल्या साइटची स्वतःची भरती-ओहोटी त्यावर बसते. मे महिना भरलेला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, तेव्हा लिलावाच्या पानावर चिटपाखरू नसतं. गणपतीच्या आधी पंधरवडाभर चाकरमानी गाड्यांच्या वेळांवर तुटून पडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये कासवं. एका महिन्याचा आकडा बघून नाचू नये आणि एका महिन्याचा बघून साइट बंदही करू नये.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा इथे पोफळीच्या बागा झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे दिवा नव्हता. माझा संगणक बंद, राउटर बंद. साइट चालू होती, कारण ती माझ्या संगणकावर नव्हतीच. मुंबईतल्या लोकांना निदान गावांची नावं, रस्ते, कोणत्या वाटेने पोचता येईल हे तिथे वाचता येत होतं. फुकटच्या सेवेकडून याहून जास्त काय मागायचं?

जाहिराती कोणत्या दिसणार हे पूर्ण आपल्या हातात नसतं, पण बरंच असतं. ऑटो ॲड्स चालू केल्या की कुठे किती लावायच्या ते यंत्र ठरवतं. त्यात पडद्याच्या तळाला चिकटून राहणारी एक जात आहे, आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना अख्खा पडदा व्यापणारी दुसरी. दोन्ही वेगवेगळ्या बंद करता येतात. वेळापत्रकाच्या साइटवर मी दोन्ही बंद ठेवल्यात. शेवटच्या बोटीची वेळ तक्त्यात शेवटच्या ओळीत असते, आणि नेमकी तीच ओळ झाकली गेली तर माणूस धक्क्यावर माझ्या नावाने बोटं मोडणार. कमाई थोडी घटते, घटू दे. तसंच ज्योतिष, झटपट श्रीमंती, वजन घटवणं असे संवेदनशील गट आहेत, ते एका जागी टिचकी मारून बंद होतात. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीच्या पानावर वशीकरणवाला बाबा नको म्हणून ज्योतिषाचा गट मी पहिल्याच दिवशी बंद केला. ज्यांची साइट निव्वळ कमाईसाठी आहे त्यांनी माझं ऐकू नये.

सगळ्यात मोठा धोका आपल्या माणसांचा. स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करायचं नाही, दुसऱ्याला सांगायचं नाही, "मदत करा, जाहिराती बघा" असं लिहायचं नाही. हा नियम कडक आहे, आणि खातं कायमचं जाऊ शकतं. हे मला ठाऊक होतं. आईला नव्हतं. एका संध्याकाळी दुकान बंद करून घरी आलो तर ती खुशीत. म्हणाली, "आज तुझ्या साइटवरच्या सगळ्या जाहिराती उघडून बघितल्या हो. एक साबणाची होती, बरी होती. एक मोटारीची होती, ती पण शेवटपर्यंत बघितली." माझ्या पोटात गोळा. म्हटलं, अगं आई, असं करायचं नसतं, ते पैसे कापतात. ती म्हणाली, "कोण कापतात? बघितल्याचे पैसे कापतात? मग लावतात कशाला?" आता हिला काय समजावणार. शेजारच्या वडापावच्या गाडीवरच्या पोरानेही असंच पुण्य कमावलं होतं, "दादा, रोज दहा वेळा दाबतो तुझ्यासाठी!" त्या महिन्याच्या हिशेबात अवैध वापराची वजावट आली, खातं शाबूत राहिलं. तेव्हापासून घरात आणि आळीत साइटचं नावच काढत नाही. लोकांना माहीत आहे की मी वेळापत्रक टाकतो. त्यातून पैसे मिळतात हे माहीत नसलेलंच बरं.

मग खरा पैसा कुठे आहे? तो माझ्या दुकानापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे, मुरूडला.

तिथल्या एका घरगुती खानावळीच्या वहिनी फॉर्म भरायला आल्या होत्या. दोन खोल्या भाड्याने देतात, जेवण घरचं. म्हणाल्या, "तुमच्या त्या पानावर हॉटेलांच्या जाहिराती येतात, त्यात आमचं नाव का नाही?" मी समजावलं, ते लिलावात ठरतं. "लिलाव बिलाव राहू दे. तुम्ही लावा ना. काय घ्याल?" मी विचार न करता बोलून गेलो, हंगामाचे दीड हजार. त्यांनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवले. घासाघीस नाही. पाटी साधी: खोलीचा एक फोटो, अंगणातल्या सोलकढीच्या पेल्यांचा एक, आणि फोन नंबर. त्यांच्या मागोमाग कर्दे-लाडघरवरून आणखी आले. सहा पाट्या झाल्या की एका फटक्यात नऊ हजार, आणि ॲडसेन्सचे शंभर डॉलर भरायला मला कित्येक महिने जातात. वाचक तेच, पान तेच.

यात ॲडसेन्सची चूक नाही. दोन खोल्यांच्या घराला लिलावात उतरायला लावणं हे कोणत्याच यंत्रणेला नीट जमत नाही, आणि वहिनींना डॉलर, क्लिक, बजेट यात रस नाही. त्यांना फोन वाजायला हवा, तो वाजतो. ॲडसेन्सच्या नियमांत अशा स्वतःच्या पाट्या बसतात, फक्त मजकुरापेक्षा जाहिराती जास्त होता कामा नयेत. पैसे घेऊन दुसऱ्या साइटची लिंक देत असाल तर त्या लिंकला "स्पॉन्सर्ड" अशी खूण लावायची असते, नाहीतर गुगल शोधात साइटची पत घसरू शकते. माझ्या पाट्यांवर नुसता फोन नंबर असतो, त्यामुळे तो प्रश्नच येत नाही. वाचकाला कळावं म्हणून प्रत्येक पाटीवर "जाहिरात" असं ठसठशीत लिहितो.

तरी ॲडसेन्स काढून टाकलेलं नाही. पावसाळ्यात, जेव्हा एकही घरवाला पाटी लावत नाही, तेव्हाही ते दिवसाला थोडं थोडं टाकत असतं, आणि त्यासाठी मला कोणाच्या दारात जावं लागत नाही. विजेचं बिल आणि इंटरनेटचा खर्च निघतो. ज्याच्याकडे आधीच काहीतरी लिहिण्यासारखं आहे, गावाची माहिती, पाककृती, बागायतीचे अनुभव, त्याने जरूर लावावं. ज्याला पैसे हवेत म्हणून साइट काढायची आहे त्याने त्यापेक्षा माझ्या शेजारी वडापावची दुसरी गाडी लावावी, लवकर हाताला लागतील. कापलेला दीड तारा कशाचा म्हणाल, तर एक शंभर डॉलरच्या त्या उंबरठ्याचा, जो खेड्यातल्या लहान मराठी साइटला फार उंच पडतो, आणि अर्धा साध्या टपालाचा.

दिवाळीनंतर पाटीचा भाव दोन हजार करायचा विचार आहे. वहिनींना कुणकुण लागलेली दिसते. परवा फोन करून त्यांनी भावाबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त विचारलं, "आमच्या वर कोणाची पाटी लावणार नाही ना तुम्ही?" लाडघरच्या एकाने वरच्या जागेचे तीन हजार द्यायची तयारी दाखवली आहे. वहिनींना अजून काही कळवलेलं नाही.